मजकूर छापतो, चित्रावर अडतो: जुन्या कॉम्प्युटरवरून ग्राफिक्सची प्रिंट काढताना

लग्नसराईतली संध्याकाळ. पत्रिकेचं प्रूफ न्यायला आलेली मंडळी समोर बसलेली. प्रिंटरमधून पान आलं तर त्यावर गणपतीचा मुकुट, कपाळ आणि अर्धे कान. सोंडेपासून खाली पान कोरं. मी तेच केलं जे सगळे करतात: पुन्हा प्रिंट दिली. मग आणखी एकदा. मग ड्रायव्हर काढून परत टाकला. दीड तास गेला आणि दोष निघाला चित्रात. तो गणपती कुणीतरी स्कॅनवरून ट्रेस केलेला होता, नुसत्या जास्वंदीच्या हारातच काही हजार नोड (रेषेला वळण देणारे बिंदू) होते.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली आहे. प्रिंट अडली की आधी ती कुठे अडली हे शोधायचं, मगच हात लावायचा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितो. समोर धरलाय तो आपल्याकडच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडून देणाऱ्या) दुकानांत अजून दिसणारा संच: विंडोज एक्सपी किंवा ७, एक-दोन जीबी रॅम, चित्रं आणि पत्रिका आखायला कोरलड्रॉ १२ किंवा एक्स३ (पुढे नुसतं 'कोरल'), सोबत पानं मांडायला पेजमेकर, श्रीलिपीसारखे जुने फाँट आणि बाजूला एक लेझर प्रिंटर. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला. तरी ही मशीन चालू आहेत, कारण पंधरा-वीस वर्षांच्या फायली आणि ते फाँट त्यांच्यातच आहेत.

चित्रच का अडतं

तुम्ही 'प्रिंट' म्हटलं की पान आधी कोरलमधून विंडोजच्या स्पूलरकडे जातं. स्पूलर त्याची फाईल करून हार्ड डिस्कवर ठेवतो. ड्रायव्हर ती फाईल प्रिंटरला कळेल अशा भाषेत बदलतो, केबलमधून ती प्रिंटरच्या मेमरीत जाते आणि मग कागद हलतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर चित्र अडू शकतं. साधा मजकूर सहसा अडत नाही, आणि त्याचं कारण थोड्या हिशेबाने कळतं.

ए४ पान ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) म्हणजे सुमारे ४,९६० गुणिले ७,०१६ ठिपके, जवळजवळ साडेतीन कोटी. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरला प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तरी पूर्ण पान सव्वाचार एमबीच्या आसपास जातं. १,२०० डीपीआयला याच्या चौपट. आता प्रिंटरची मेमरी बघा. कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारे प्रिंटर, दोघांचीही मेमरी २ एमबी. मग पान मावतं कसं? पान तयार करण्याचं काम कॉम्प्युटर करतो, ते दाबून लहान करतो आणि पाठवतो. मजकुराचं पान बहुतेक पांढरंच असतं, ते भरपूर दाबलं जातं. फोटोचं पान म्हणजे सगळीकडे बारीक ठिपक्यांची रांगोळी. ते फारसं दाबलं जात नाही.

शिवाय लेझर प्रिंटरचा कागद एकदा हलला की मध्ये थांबत नाही. ड्रम फिरत राहतो, कागद पुढे सरकत राहतो. तेवढ्या वेळात पुढचा डेटा पोचला नाही तर उरलेलं पान कोरं जातं किंवा प्रिंटर लाल दिवा लावून बसतो. जुना प्रोसेसर, भरलेली डिस्क, लांब केबल, जड चित्र, यांपैकी काहीही या शर्यतीत मागे पडायला पुरेसं असतं. म्हणून 'काल छापलं होतं, आज का नाही' या प्रश्नाचं उत्तर बहुधा असं असतं की कालचं पान हलकं होतं.

पायरी १: चार प्रिंट काढा, त्याही याच क्रमाने

पहिली, प्रिंटरची स्वतःची. ज्या प्रिंटरला पॅनल किंवा बटण आहे त्यातून त्याचं माहितीचं पान केबल काढून छापता येतं. ते नीट आलं तर यंत्र ठीक आहे. दुसरी, विंडोजचं टेस्ट पेज. तिसरी, नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून. चौथी, पेंटमध्ये एक छोटा फोटो उघडून.

पहिलंच पान आलं नाही तर कॉम्प्युटरकडे वळूही नका. टेस्ट पेज आणि नोटपॅड दोन्ही गप्प असतील तर केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हर. पेंटचा फोटो छापला जातो पण कोरलची फाईल नाही, तर दोष त्या फाईलमध्ये. पेंटचाही फोटो अडतो आणि नोटपॅड चालतं, तर मेमरी, डिस्क किंवा स्पूलर. टेस्ट पेजवर जास्त विश्वास ठेवू नका. त्यावर चित्र म्हणजे एवढासा लोगो असतो, त्यामुळे ते आलं म्हणजे ग्राफिक्स छापलं जाईल असं मुळीच नाही.

पायरी २: तुंबलेली रांग साफ करा

'डिलीटिंग' असं लिहून तासभर लटकलेला जॉब सगळ्यांनी पाहिलाय. तो खिडकीतून जात नाही. प्रिंटर बंद करा, प्लगही काढा आणि अर्धा मिनिट थांबा, म्हणजे त्याच्या पोटातलं अर्धवट पान जाईल. मग स्टार्ट, रन, तिथे 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' (services.msc) टाईप करून यादीतला 'प्रिंट स्पूलर' शोधा आणि 'स्टॉप' करा. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात 'प्रिंटर्स' हे फोल्डर उघडा. आत एसपीएल आणि एसएचडी अशा शेवटाच्या फायली दिसतील. एसपीएल म्हणजे तुमचं पान, एसएचडी म्हणजे त्याची चिठ्ठी. दोन्ही पुसा. शेजारी 'ड्रायव्हर्स' नावाचं फोल्डर असतं, त्याला हात लावू नका. घाईत ते पुसून संपूर्ण प्रिंटर नव्याने बसवणारे लोक मी पाहिले आहेत. मग सर्व्हिस पुन्हा 'स्टार्ट' करा, प्रिंटर चालू करा.

हे फोल्डर माहीत झालं की त्याचा आणखी एक उपयोग आहे. प्रिंटरच्या खिडकीतून 'पॉज प्रिंटिंग' करा आणि अडणारी फाईल प्रिंटला द्या. फोल्डरमध्ये एसपीएल फाईल वाढताना दिसेल. एका पानाची फाईल दोन-चारशे एमबी झाली तर फाईल जड आहे, प्रिंटरला बोल लावण्यात अर्थ नाही. वाढता वाढता थांबली आणि कोरलही गोठलं तर डिस्क किंवा रॅम संपली. पटकन पूर्ण झाली, आकारही बेताचा, तरी छापत नाही, तर गाडं ड्रायव्हरपासून पुढे अडलंय.

पायरी ३: सी ड्राइव्हवर जागा

ही पायरी छोटी आहे, पण वगळू नका. जुन्या मशीनवर ४० जीबीची डिस्क आणि २० जीबीचा सी ड्राइव्ह असा प्रकार असतो आणि डेस्कटॉपवर सगळ्या पत्रिका साठलेल्या असतात. निदान दोन-तीन जीबी मोकळे हवेत. टेम्प फोल्डर रिकामं करा. तरीही जागा होत नसेल तर स्पूलचं फोल्डरच डी ड्राइव्हवर हलवता येतं: एक्सपीत 'प्रिंटर्स अँड फॅक्सेस'च्या फाईल मेनूत 'सर्व्हर प्रॉपर्टीज', ७ मध्ये प्रिंटर निवडल्यावर वर येणारं 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज', आणि तिथला 'अॅडव्हान्स्ड' टॅब. नवं फोल्डर आधी करून ठेवा, मग त्याचा पत्ता द्या.

पायरी ४: स्पूलरला सबुरी शिकवा

प्रिंटरवर राईट क्लिक, प्रिंटर प्रॉपर्टीज, 'अॅडव्हान्स्ड' टॅब. विंडोज मुळात पान पूर्ण तयार होण्याआधीच छपाई सुरू करतं, म्हणजे कोरलमध्ये लवकर हात मोकळा होतो. जुन्या मशीनला ही घाई झेपत नाही. तिथे 'स्टार्ट प्रिंटिंग आफ्टर लास्ट पेज इज स्पूल्ड' निवडा. प्रिंट सुरू व्हायला वेळ लागेल, पण अर्धं पान येण्याचं प्रमाण या एका टिकलीने खूप कमी होतं.

फरक पडला नाही तर त्याच टॅबवरची 'एनेबल अॅडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स'ची खूण काढून बघा. चित्र जागेवरून सरकतंय, काही भाग गायब होतोय, सावल्या चौकटीसारख्या येतायत, अशा तक्रारींवर हा उपाय बरेचदा लागू पडतो. काही ड्रायव्हरना तो मानवत नाही, मग खूण परत लावा. 'प्रिंट डायरेक्टली टू द प्रिंटर' हा तिसरा पर्याय मी सहसा वापरत नाही. त्यात डिस्कचा टप्पा गळतो खरा, पण पान बाहेर येईपर्यंत कोरल अडकून बसतं.

पायरी ५: ओझं कमी करा

बहुतेक अडचणी इथे सुटतात, म्हणून इथे थोडं थांबू.

सर्वात सोपं म्हणजे डीपीआय उतरवणं. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये १,२०० असेल तर ६००, आणि ६०० लाही अडत असेल तर एकदा ३०० ला काढून बघा. ३०० ला छापलं गेलं की निदान पक्कं झालं: मेमरी कमी पडतेय. काळ्या-पांढऱ्या प्रूफमध्ये ६०० आणि १,२०० यांतला फरक गिऱ्हाईक बघत नाही, ते नावाचं शुद्धलेखन बघतं. टोनर वाचवणारा 'इकॉनॉमी' मोड लावून उपयोग नाही. त्यात टोनर वाचतो, डेटा तेवढाच राहतो.

नंतर फोटो. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४,००० गुणिले ३,००० ठिपके. जेपीजी म्हणून तो तीन-चार एमबी दिसतो, पण उघडला की ३६ एमबी होतो. तोच फोटो वधूवरांच्या चौकटीत ३ इंच रुंद बसवला तर तो १,३०० डीपीआयच्या वर जातो. लेझर प्रूफला २०० पुरतात. कोरलमध्ये फोटो निवडून 'बिटमॅप्स' मेनूतल्या 'रीसॅम्पल'ने ३ इंच रुंदीला २०० डीपीआय करा, ३६ एमबीचं ओझं १ एमबीच्या आत येतं. मूळ फाईल वेगळ्या नावाने आधी ठेवा, ऑफसेट छपाईच्या प्रेसला तीच द्यायची आहे.

मग रेषा. शेप टूलने ते वेलबुट्टीचं तोरण किंवा ट्रेस केलेला गणपती निवडा आणि खालच्या पट्टीवर नोडची संख्या वाचा. हजारांत असेल तर 'रिड्यूस नोड्स' वापरा, किंवा सरळ तेवढाच भाग 'कन्व्हर्ट टू बिटमॅप' करून ३०० डीपीआयला ग्रेस्केल करा. ड्रॉप शॅडो, पारदर्शक थर, मेश फिल, पॉवरक्लिपमध्ये पॉवरक्लिप (आकाराच्या आत बसवलेलं चित्र, त्यात आणखी एक), हे सगळे प्रकार जुन्या ड्रायव्हरला जड जातात. त्यांच्यावरही हाच उपाय.

आपल्याकडची एक खास सवय इथे नडते. प्रेसला फाईल देताना फाँट जाऊ नयेत म्हणून सगळा मजकूर कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून टाकतात. देवनागरी अक्षराला वळणं फार, जोडाक्षराला आणखी. निमंत्रकांची पंचवीस नावं कर्व्ह केली की हजारो नोड तयार होतात. प्रेसची फाईल कर्व्ह केलेली असू द्या, पण दुकानातलं प्रूफ न केलेल्या फाईलवरून काढा. अडचण निम्मी होते आणि अक्षरही ठसठशीत येतं.

दोषी नेमका कोण हे कळत नसेल तर कोरलच्या प्रिंट खिडकीत 'मिस्क' टॅबवर व्हेक्टर (रेषांची चित्रं), बिटमॅप (ठिपक्यांची, म्हणजे फोटो) आणि टेक्स्ट छापायचे की नाही याच्या वेगवेगळ्या खुणा असतात. एकेक काढून प्रिंट द्या. बिटमॅप काढल्यावर पान सुटलं तर फोटो, व्हेक्टर काढल्यावर सुटलं तर नक्षी.

आणि पार्टी समोर बसलेली असेल तर शोधत बसू नका, अख्खं पानच चित्र करा. कोरलमध्ये 'रास्टराईझ एन्टायर पेज' असेल तर ते, नसेल तर ३०० डीपीआय ग्रेस्केल टिफ एक्सपोर्ट करून ती छापा. ए४ ला ती सव्वाआठ एमबीच्या आसपास होते, आत कितीही नोड असले तरी तेवढीच. बारीक अक्षरांच्या कडा किंचित खरखरीत दिसतील. पीडीएफ अडत असेल तर अॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अॅडव्हान्स्ड' दाबून 'प्रिंट अॅज इमेज' लावा, तत्त्व तेच.

पेजमेकरवाल्यांसाठी वेगळी सूचना: ईपीएस, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रिंटरच्या भाषेतलं चित्र साध्या लेझर प्रिंटरवर पायऱ्यापायऱ्यांचं, फाटकं आलं तर तो दोष प्रिंटरचा नाही. त्या प्रिंटरला ती भाषा येत नाही, त्यामुळे पडद्यावरची झलक तेवढी छापली जाते. चित्र टिफ करून पुन्हा ठेवा.

पायरी ६: प्रिंटर काय म्हणतोय ते वाचा

पॅनल असलेले एचपी लेझरजेट आकड्यात बोलतात. २० म्हणजे मेमरी अपुरी, २१ म्हणजे पान फार गुंतागुंतीचं, वेळेत तयार झालं नाही. दोन्हींवर उपाय पायरी ५. ४९ किंवा ७९ आला तर प्रिंटरचं स्वतःचं सॉफ्टवेअर गोंधळलंय. प्रिंटर बंद करा, केबल काढा, रांग साफ करा, केबल न लावता चालू करा. 'रेडी' आला तर खराब जॉबने गोंधळ घातला होता. केबल नसतानाही तोच आकडा परत आला तर आतल्या बोर्डाकडे संशय जातो, मग मेकॅनिक. ५० म्हणजे फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा तापता भाग. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही.

पानावर वरच्या कोपऱ्यात 'पीसीएल एक्सएल एरर' अशा दोन-चार ओळी छापून आल्या तर ड्रायव्हर पीसीएल ६ चा (पीसीएल ही प्रिंटरची आणखी एक भाषा) आहे आणि चित्राचं भाषांतर करताना तो चुकतोय. त्याच प्रिंटरचा पीसीएल ५ चा ड्रायव्हर लावा. पानामागून पान अगम्य चिन्हं येत असतील आणि पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, वजा आणि १२३४५ दिसत असेल, तर प्रिंटरला न येणारी भाषा पाठवली जातेय. लगेच ट्रेमधला कागद काढा, नाहीतर अख्खं रीम जाईल. मग रांग साफ करा आणि ड्रायव्हर बरोबर त्याच मॉडेलचा आहे का ते बघा.

पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर असेल तर ड्रायव्हरच्या अॅडव्हान्स्ड पर्यायांत 'सेंड पोस्टस्क्रिप्ट एरर हँडलर' चालू करा, म्हणजे गप्प बसण्याऐवजी तो कारण छापून देतो. 'लिमिटचेक' म्हणजे एखादी रेषा फार गुंतागुंतीची: कोरलच्या पोस्टस्क्रिप्ट टॅबवर फ्लॅटनेस (वळणं किती ढोबळ काढायची ते) १ वरून ३ ते ५ करा किंवा नोड कमी करा. 'व्हीएमएरर' म्हणजे मेमरी संपली, बहुधा फाँट जास्त झाले. 'इनव्हॅलिड फाँट' आला तर तो एक फाँट बिघडलेला समजा आणि फक्त तेवढ्या ओळी कर्व्ह करा.

पायरी ७: केबल, पोर्ट, वीज

प्रिंटरची केबल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा, पुढच्या पोर्टला किंवा हबला नको. यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर. पण स्वस्त केबल तीन मीटरलाही दगा देते, म्हणून दीड-दोन मीटरचीच घ्या. पोर्ट बदललं की विंडोज 'कॉपी १' नावाचा दुसरा प्रिंटर तयार करतं आणि तुमच्या प्रिंट जुन्या, आता ऑफलाईन असलेल्या नावाकडे जात राहतात. डिफॉल्ट कोणता आहे ते बघा, जुना पुसा.

पान मोठ्या काळ्या भागावर अडतं आणि त्याच वेळी कॉम्प्युटरही झटका खातो, असं होत असेल तर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावलेला आहे का बघा. फ्यूजर तापताना काहीशे वॅट एकदम ओढतो, घरगुती यूपीएसला ते पेलत नाही. लोडशेडिंगच्या भीतीने लोक हे करतात, पण लेझर प्रिंटर भिंतीच्या सॉकेटलाच हवा. वीज गेली तर एक पान जाईल, फाईल वाचेल.

पायरी ८: ड्रायव्हर, सर्वात शेवटी

लोक इथून सुरुवात करतात, मी शेवटी ठेवतो. चालणारा जुना ड्रायव्हर काढला आणि नवा मिळाला नाही तर हातचंही जातं. आधी विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते पाहून घ्या, ड्रायव्हर त्याच जातीचा लागतो. नुसता प्रिंटरचा आयकॉन पुसून ड्रायव्हर जात नाही. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'च्या 'ड्रायव्हर्स' टॅबवरून तो काढावा लागतो. नवा ड्रायव्हर फक्त कंपनीच्या साईटवरून घ्या. एक्सपीवरच्या ब्राउझरमध्ये आजच्या बऱ्याच साईट उघडत नाहीत, तेव्हा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळणारे प्रोग्रॅम टाकू नका. ते ड्रायव्हर कमी आणि जाहिराती जास्त आणतात.

एचपी लेझरजेट १०१० किंवा १०१२ विंडोज ७ वर चालवायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे: विंडोजच्याच यादीतला 'एचपी लेझरजेट ३०५५ पीसीएल५' निवडायचा आणि पोर्ट 'डॉट४_००१' (DOT4_001) द्यायचं. नाव वेगळं दिसतं, छपाई होते.

प्रिंटर नव्या विंडोज १० च्या कॉम्प्युटरला लावून एक्सपीवरून शेअरिंगने छापायचा प्रयत्न असेल तर मी सांगेन, सोडून द्या. एक्सपी ज्या जुन्या पद्धतीने नेटवर्कवर बोलतो ती विंडोज १० मध्ये १७०९ आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलेली आहे, आणि सुरक्षिततेच्या कारणाने ती बंद आहे ते बरंच आहे. जुन्या मशीनवर कोरलमधून 'पब्लिश टू पीडीएफ' करा, फाँट आत बसवा, पेनड्राइव्हने नव्या मशीनवर न्या आणि तिथून छापा. हल्ली आमच्याकडे निम्मी प्रूफं अशीच निघतात. सेटिंग जमलं की ते एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या झाकणाला आतून चिकटवा. आमच्या झाकणात लिहिलंय: ६०० डीपीआय, शेवटचं पान स्पूल झाल्यावर, मागचं वरचं डावं पोर्ट, प्रूफ कर्व्ह न केलेल्या फाईलवरून.